हेमाडपंती म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाबाहेर काळ्या दगडाचं जुनं देऊळ असलं की त्याची ओळख बहुधा एकाच शब्दात उरकली जाते: हेमाडपंती. पुजारी तसं सांगतात, रस्त्यावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं, सहलीच्या माहितीपत्रकातही तेच छापलेलं असतं. शब्द इतका सवयीचा आहे की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचत नाही. ज्यांना सुचतं त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. ते इथे घेतले आहेत.

हेमाडपंती म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

दरजांत चुना न भरता, घडीव दगड एकमेकांत बसवून केलेलं, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातलं महाराष्ट्रातलं बांधकाम, हा या शब्दाचा रूढ अर्थ. बहुतेक वेळा तो देवळाला लावतात. बारवा, कुंडं आणि मठ यांनाही लावतात. बोलण्यात मात्र त्याचा अर्थ बराच सैल होतो आणि ‘काळ्या दगडाचं, खूप जुनं’ इतकाच उरतो.

शब्द आला कुठून?

हेमाद्री या नावावरून. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि त्याच्यानंतरचा रामचंद्र, म्हणजे आपला रामदेवराय, या दोघांच्या काळात तो ‘श्रीकरणाधिप’ होता. राज्याची दफ्तरं, हिशेब आणि पत्रव्यवहार यांचा तो प्रमुख. हेम म्हणजे सोनं आणि अद्री म्हणजे डोंगर, असं ते भारदस्त संस्कृत नाव. मराठी तोंडात ते घोटून ‘हेमाड’ झालं. पुढे ‘पंडित’ वरून आलेलं ‘पंत’ लागलं आणि हेमाडपंत तयार झाला. त्याला संबंध दाखवणारी ‘ई’ लागली, जशी कोल्हापूरला लागून कोल्हापुरी होतं. हेमाडपंताचं ते हेमाडपंती.

शब्दाची घडण इतकी सरळ आहे. तिच्यात दडलेला दावा मात्र तितका सरळ नाही.

म्हणजे ही बांधणी हेमाडपंतानं शोधून काढली?

नाही. नुसत्या तारखा शेजारी ठेवल्या तरी उत्तर मिळतं.

अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे आणि तो उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचा आहे. हेमाद्री कारभारात आला तेव्हा हे देऊळ उभं राहून दोनशे वर्षं झाली होती. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघण याचा दानलेख आहे, तो तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. म्हणजे तेव्हा देऊळ होतंच, आणि हेमाद्रीचा काळ यायला अजून चाळीसेक वर्षं होती. सिन्नरचं गोंदेश्वर हे तर या शैलीचं उदाहरण म्हणून सगळ्यात जास्त छापलं जाणारं देऊळ. अभ्यासक तेही हेमाद्रीच्या आधीचंच मानतात.

दगडावर दगड चुन्याशिवाय रचण्याचं तंत्र याहूनही खूप जुनं आहे. गुप्तकाळातली लहान दगडी देवळं तशीच बांधलेली आहेत. महाराष्ट्राबाहेरही शतकानुशतकं तसं बांधलं जात होतं. हेमाद्रीच्या वेळी ते नवं नव्हतं, तेव्हाची नेहमीची रीत तीच होती.

मग त्याचंच नाव का चिकटलं?

याला दोन कारणं दिसतात. त्यातलं एक खुद्द हेमाद्रीच्या दबदब्यातून आलेलं आहे. तो नुसता कारकून नव्हता. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रतं, दानं, तीर्थं अशा विषयांवरचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथावर त्यानं टीका लिहिली. व्याकरणकार बोपदेवाला त्याचा आश्रय होता. असा माणूस लोकांच्या लक्षात राहिला की ज्याचा कर्ता माहीत नाही असं सगळं त्याच्या खात्यावर जमा होतं. मोडी लिपी हेमाडपंतानं आणली, बाजरी त्यानंच आणली, दप्तरी लेखनाचे नियम सांगणारं ‘मेस्तक’ त्याचंच, अशी ही यादी आहे. देवळं त्या यादीतच बसली.

यावरची लोककथा तर भन्नाट आहे. हेमाडपंतानं लंकेच्या बिभीषणाचा आजार बरा केला. त्याबद्दल बिभीषणानं त्याला बांधकामासाठी राक्षस दिले आणि त्या राक्षसांनी ही देवळं रचली. काही गावांत राक्षसांच्या जागी पांडव येतात आणि देऊळ एका रात्रीत पुरं होतं. कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, हा शेवटही ठरलेला. कथेचा इतिहास म्हणून उपयोग नाही, पण एक गोष्ट तिच्यातून कळते. एवढाले दगड माणसांनी चढवले असतील यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसत नव्हता.

दुसरं कारण इंग्रजी अमदानीतलं. एकोणिसाव्या शतकात जुन्या वास्तूंच्या याद्या करणारे अधिकारी गावोगाव फिरले. ‘हे कुणी बांधलं?’ या प्रश्नाला गावकऱ्यांनी जे उत्तर दिलं ते गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, उतरलं. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्स यांनी दख्खनमधल्या मध्ययुगीन देवळांवर सविस्तर लिहिलं. ते पुस्तक १९३१ मध्ये निघालं आणि त्यातही हा शब्द आहे. अशा रीतीनं गावातला तोंडी शब्द छापील झाला आणि छापील झाल्यावर शास्त्रीय वाटू लागला.

हेमाद्रीनं एकही देऊळ बांधलं नसेल का?

त्याच्या काळात आणि त्याच्या आश्रयानं देवळं उभी राहिली असणार, एवढ्या मोठ्या मंत्र्याच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. पण आश्रय देणं वेगळं आणि शैली घडवणं वेगळं. त्याच्या ग्रंथात मूर्तींची लक्षणं येतात आणि मूर्तिशास्त्राचे अभ्यासक ती आजही वापरतात. बांधणीची नवी पद्धत मात्र त्यानं सांगितलेली नाही. देऊळ सूत्रधार, म्हणजे मुख्य स्थपती, आणि त्याच्या हाताखालचे पाथरवट घडवत. त्यांची नावं बहुतेक ठिकाणी राहिलीच नाहीत. राहिलं ते मंत्र्याचं नाव.

चुन्याशिवाय देऊळ उभं कसं राहतं?

मुख्यतः वजनावर.

या देवळांत खरी कमान नसते. खांब उभा, त्यावर तुळई आडवी, तुळईवर छताच्या शिळा. असं बांधलं की सगळा भार सरळ खाली जातो. कमान बाजूला रेटा देते, तो रेटा भिंतीला पेलावा लागतो आणि तिथे सांधे धरून ठेवणारं काहीतरी हवं असतं. इथे तो रेटाच जवळजवळ नाही. वरच्या दगडाचं वजन खालच्या दगडाला दाबून जागेवर ठेवतं. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, जड आणि टणक असल्यामुळे या कामाला योग्य आहे. शिवाय दख्खनमध्ये तो पायाखालीच सापडतो.

पण नुसतं वजन पुरत नाही, दगड घसरायला नको. त्यासाठी एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारी खुंटी ठेवतात. खांबाचे तळखडा, मधला दंड आणि वरचं शीर्ष हे भाग वेगवेगळे घडवून असे एकावर एक बसवलेले असतात. थरांचे पृष्ठभाग इतके सपाट घासलेले असतात की चांगल्या राहिलेल्या भिंतीत आजही दरजेत पातं शिरत नाही.

छताची युक्ती मला सगळ्यात आवडते. चौकोनी जागेच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके दगड ठेवले की मध्ये लहान चौकोन उरतो, मूळ चौकोनाला फिरवलेला. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा चार दगड, पुन्हा लहान चौकोन, आणि शेवटी उरलेलं भोक एका शिळेनं झाकायचं. मोठ्या मंडपात हेच गोल कड्यांनी करतात. प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकलेलं असतं आणि पूर्ण झालं की स्वतःलाच धरून बसतं. खालून पाहिलं की घुमट वाटतो. बांधणीच्या दृष्टीनं तो घुमट नाही, आत आत सरकत गेलेले आडवे थर आहेत. अशा नक्षीदार छताला वितान म्हणतात. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात मधली शिळाच नाही. वर गोल आकाश उघडं आहे.

मग यांची पडझड होतेच कशी?

पायापासून किंवा भिंतीच्या पोटातून. जाड भिंत सबंध घडीव दगडाची क्वचितच असते. आत आणि बाहेर घडीव दगडाच्या दोन पाळी आणि मध्ये दगडगोट्यांची भर, अशी ती असते. शिखरावर पिंपळ रुजला, पाणी आत मुरलं आणि भर खचली की बाहेरची पाळी फुगते आणि कोसळते. आतला गाभारा मात्र उभाच राहतो. नक्षी गेलेली, पोट उघडं पडलेलं, तरी आत दिवा लागतो, अशी देवळं पुष्कळ आहेत.

अशा भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरणं हा यावर उपाय नाही. पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आतच साचतं. तैलरंगाचंही तेच. देऊळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय त्याला हातही लावता येत नाही, हे बऱ्याच जीर्णोद्धार समित्यांना उशिरा कळतं.

पाहताक्षणी ओळखायचं कसं?

एकाच खुणेवर भरवसा ठेवू नका. तीन-चार खुणा जुळल्या तर बोला.

आधी जमीन बघा. देऊळ जोत्यावर आहे का आणि भिंत सरळ आहे की तिला पुढे-मागे कोपरे काढलेले आहेत? वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसेल असे कोपरे या काळात लोकप्रिय होते. लोणारचं दैत्यसूदन मंदिर यासाठी मुद्दाम पाहावं. मग भिंतीचे थर बघा. खाली आडव्या पट्ट्या, कधी त्यात हत्तींची रांग, कधी नुसत्या कीर्तिमुखांची, म्हणजे उग्र सिंहासारख्या तोंडांची, आणि वर मूर्तींचा मुख्य थर, ज्याला जंघा म्हणतात. कमान दिसली तर थांबा. ती नंतरची असण्याची शक्यता जास्त.

आत गेल्यावर खांब बघा. एकच खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत जातो. माथ्यावर तुळई तोलून धरणारे गुबगुबीत बुटके असतात, त्यांना कीचक म्हणतात. काही ठिकाणी त्यांच्या जागी नागफणा असतात. गाभाऱ्याच्या चौकटीला एकात एक बसलेल्या नक्षीदार पट्ट्या असतात, त्या द्वारशाखा. वर मध्यभागी बहुधा गणपती. उंबरठा उंच आणि त्यापुढे अर्धगोल चंद्रशिळा. गाभारा पुष्कळदा मंडपापेक्षा खाली असतो, काही पायऱ्या उतरून जावं लागतं. अंबरनाथला असंच आहे.

मूर्तिकाम भरपूर आहे म्हणून देऊळ हेमाडपंती आणि साधं आहे म्हणून नाही, असं धरू नका. उलट तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे खरोखर हेमाद्रीच्या काळातली बरीच देवळं तुलनेनं साधी आहेत. मूर्ती कमी आणि आडव्या पट्ट्या, शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी जास्त. ज्या कोरीव देवळांना आपण कौतुकानं हेमाडपंती म्हणतो ती बहुधा त्याच्या आधीची असतात. शब्दाची ही गंमतच म्हणायची.

अभ्यासक कोणता शब्द वापरतात?

काळ सांगायचा तर यादवकालीन, शिलाहारकालीन. आकार सांगायचा तर शिखराच्या प्रकाराचं नाव. महाराष्ट्रात त्यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे भूमिज.

भूमिज म्हणजे काय? हेमाडपंती आणि भूमिज एकच का?

एक नाहीत. हेमाडपंती हा शब्द देऊळ कसं बांधलं याकडे बोट दाखवतो, भूमिज हा शिखर कसं दिसतं याकडे.

भूमिज शिखराच्या चारी बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा खालून वर गेलेला असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या आडव्या रांगा असतात, एकीवर एक, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. प्रत्येक रांग म्हणजे एक भूमी, म्हणजे मजला. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात या प्रकाराची चर्चा आहे. माळव्यातल्या परमारांचं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर (राजस्थानातलं उदयपूर नव्हे, मध्य प्रदेशात विदिशाजवळचं) हा त्याचा उत्तम नमुना. आपल्याकडे अंबरनाथ, सिन्नरचं गोंदेश्वर आणि मालेगावजवळच्या झोडग्याचं माणकेश्वर ही भूमिज देवळं. म्हणजे एकच देऊळ बांधणीनं हेमाडपंती आणि शिखरानं भूमिज असू शकतं. शिखर पडून गेलेलं असेल तर हेमाडपंती म्हणता येईल, भूमिज म्हणायला मात्र पुरावा लागेल.

नागर की द्राविड?

नागर म्हणजे उत्तरेकडची देवळांची परंपरा आणि द्राविड म्हणजे दक्षिणेकडची. भूमिज हा नागर परंपरेतला प्रकार मानतात. खिद्रापूरसारख्या दक्षिणेकडच्या देवळांवर कर्नाटकातल्या चालुक्य परंपरेची छाप स्पष्ट दिसते. सरहद्द आखून दोन खोके करायला गेलात तर दख्खनमध्ये फसाल.

वेरूळचं कैलास लेणं हेमाडपंती आहे का?

नाही. ते आठव्या शतकातलं आहे आणि रचलेलं नाही, डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं आहे. जिथे दगड जोडलेच नाहीत तिथे चुन्याचा प्रश्नच येत नाही.

आणि त्र्यंबकेश्वर?

हा प्रश्न फार वेळा येतो, कारण अनेक ठिकाणी तसं लिहिलेलं आढळतं. आजचं देऊळ अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं आहे. काळा दगड, भरगच्च कोरीवकाम, उंच शिखर, यामुळे ते जुन्या वळणाचं दिसतं आणि ते वळण मुद्दामच राखलेलं आहे. पण यादव जाऊन चारशेहून अधिक वर्षं झाल्यानंतरच्या वास्तूला हेमाडपंती म्हणायचं ठरवलं तर शब्दाला काही अर्थच उरत नाही. ‘पेशवेकालीन’ हा त्यासाठी चांगला शब्द आहे.

आमच्या देवळाचा खालचा भाग काळा कोरीव आणि वरचं शिखर रंगीत, चुन्याचं आहे. मग?

मग दोन काळांतलं देऊळ आहे, तसंच सांगा. हे अगदी नेहमीचं आहे. औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ पाहिलंत तर खालच्या भिंतीवर यादवकाळातलं घनदाट मूर्तिकाम आहे आणि वरचं शिखर बऱ्याच नंतरच्या जीर्णोद्धारातलं आहे. यवतजवळचं भुलेश्वरही असंच. बाहेरून नंतरची बांधणी, घुमट, मिनारासारखे उंचवटे, आणि आत शिरलं की एकदम जुनं कोरीवकाम. पाटीवर फक्त ‘हेमाडपंती’ लिहिलं की वरच्या कारागिरांचं काम पुसलं जातं.

हेमाडपंती बारव म्हणजे?

त्याच पद्धतीनं, चुन्याशिवाय घडीव दगडात बांधलेली पायऱ्यांची विहीर. काठावरून पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात आणि भिंतीत छोटी देवळीवजा कोनाडी असतात, त्यांना देवकोष्ठं म्हणतात. मराठवाड्यात अशा बारवा पुष्कळ आहेत. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याला देवळं आणि बारव एकाच फेरीत बघता येतात. बारवेचा काळ ठरवणं देवळापेक्षा अवघड, कारण शिखर नाही आणि बहुधा मूर्तीही नाहीत.

हेमाडपंती की हेमाडपंथी?

हेमाडपंती. इथे ‘पंत’ आहे, ‘पंथ’ नाही. नाथपंथी, वारकरीपंथी या शब्दांच्या सवयीनं ‘थ’ घुसतो आणि मग एखाद्या हेमाडपंथाची ही देवळं असावीत असा भास होतो. तसा पंथ नव्हता.

मग हा शब्द वापरूच नये का?

वापरावा. बोलताना बिनदिक्कत वापरा. समोरच्याला काळा दगड, जाड खांब, अंधारा गाभारा लगेच डोळ्यांपुढे येतो आणि इतकं काम एका शब्दात करणारा दुसरा शब्द मराठीत नाही. लोकांनी दिलेला आहे आणि सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव त्यात टिकून आहे, हेही थोडं नाही.

माझी हरकत एकाच ठिकाणी आहे: तारीख म्हणून वापरायला. ‘देऊळ हेमाडपंती आहे, म्हणजे तेराव्या शतकातलं’ हे अनुमान चुकीचं, आणि ‘हेमाडपंतानं बांधलं’ हे त्याहून चुकीचं. पाटी लिहायची वेळ आली तर जे दिसतं ते लिहा: शुष्कसांधी (चुन्याशिवायची) दगडी बांधणी, भूमिज शिखर (असलं तर), चांदणीच्या आकाराचा तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा आराखडा. शिलालेख असेल तर त्यातलं साल द्या. नसेल तर ‘यादवकालीन शैली’ पुरे. ‘पुरातन’ हा शब्द मात्र टाळा, त्यानं काहीच कळत नाही.

श्रीसाईसच्चरित लिहिणारे हेमाडपंत हेच का?

नाही. ते गोविंद रघुनाथ दाभोलकर, विसाव्या शतकातले. ‘हेमाडपंत’ हे नाव त्यांना साईबाबांनी दिलं, यादवांच्या या मंत्र्यावरूनच. देवळांशी त्यांचा संबंध नाही.